लॉजवर साठलेल्या आधारच्या झेरॉक्सचं करायचं काय?

गंगेवरचा

नमस्कार मंडळी. नाशकात पंचवटीत आमचं छोटं लॉज आहे, आजोबांनी काढलेलं. तेव्हा नुसत्या खोल्या आणि सामायिक संडास होते, आता गीझर आणि अटॅच्ड बाथरूम आलं. गिऱ्हाईक मात्र तेच. दशक्रियेला आलेली माणसं, त्र्यंबकला नारायण नागबळी उरकून परतणारी, वणीला निघालेली. रात्रीचा मुक्काम, पहाटे रामकुंड, दहाच्या आत खोली खाली.

येणाऱ्या प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स काढून फाइलला लावायची हा आमच्या अण्णांचा (वडिलांचा) नियम. गल्ल्याशेजारी मशीनच ठेवलंय. पुढची-मागची बाजू एका पानावर, खाली सही, मोबाईल नंबर, खोली नंबर. कुटुंब असेल तर सगळ्यांची, अगदी शाळेतल्या पोरांचीसुद्धा. इतक्या वर्षांत एक कागद टाकलेला नाही. माळ्यावर बॉक्स फाइली, जिन्याखाली बॉक्स फाइली, चादरींच्या कपाटातही त्याच. २०१९ च्या ऑगस्टात गंगेला (म्हणजे गोदावरीला) पूर आला, पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, तेव्हा आमच्या तळमजल्यातही पाणी शिरलं आणि खालच्या फाइली भिजल्या. उघडीप झाल्यावर अण्णांनी पानं सुटी करून गच्चीवर वाळत घातली, एकेका गठ्ठ्यावर विटेचा तुकडा ठेवून. संध्याकाळी वारा सुटला. मग गल्लीतली पोरं, रिक्षावाले, समोरच्या वाड्यातल्या काकू, सगळे एकेक कागद आणून देत होते, “घ्या, तुमचे परभणीचे पाहुणे आमच्या तुळशीत आले होते.” तेव्हा सगळेच हसले.

हल्ली हसायला येत नाही, कारण परवा लातूरच्या एक बाई आल्या, सोबत सासूबाई. बाईंनी मोबाईलवर आधार दाखवलं, त्यावर पहिल्या आठ आकड्यांच्या जागी फुल्या. अण्णा म्हणाले, पूर्ण नंबर लागेल. बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, कशासाठी लागतो ते सांगा, लगेच देते.” अण्णा म्हणाले, नियम आहे. “कुठला?” अण्णा माझ्याकडे बघायला लागले आणि मी कीबोर्डकडे. शेवटी ड्रायव्हिंग लायसन्सवर खोली दिली. खोली उत्तम स्वच्छ होती, असा शेरा मात्र बाई जाताना देऊन गेल्या.

त्यात आता सिंहस्थ तोंडावर. एक माणूस टॅब विकायला येऊन गेला. म्हणतो, झेरॉक्सची कटकटच नको, पाहुण्याने आधार नंबर टाकायचा, सोबतच्या मशीनवर अंगठा लावायचा, फोटो आपोआप निघतो, चेक-इन झालं. सगळं ‘क्लाउड’वर. अण्णांना हे भलतंच आवडलंय. अंगठा म्हणजे पक्कं काम, असं त्यांचं म्हणणं.

तर विचारायचं आहे ते असं. झेरॉक्सची ही जुनी बाडं रद्दीत घालू का? आधार मागायचा मला अधिकार तरी आहे का? टॅब घ्यावा का? आणि चौकीवरून रजिस्टर बघायला कुणी आलं तर दाखवू काय? माहितीतल्यांनीच सांगा, राजकारण नको.

जेलरोडकर

रद्दीत अजिबात घालू नका. पुढचं सावकाश वाचा.

मी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे मला आधार कार्ड दिसलं की त्यामागे खातं दिसतं. घरात फ्लॅटचं किंवा शेतीचं नोंदणीकृत खरेदीखत असेल तर काढा आणि शेवटची पानं उघडा. वर ‘दस्त गोषवारा भाग २’ असं छापलेलं असेल. खाली तक्ता: पक्षकाराचं नाव व पत्ता, पक्षकाराचा प्रकार, छायाचित्र, अंगठ्याचा ठसा. ठसा चांगला मोठा, रेघ न् रेघ मोजता येईल असा. त्याच गठ्ठ्यात ओळखीचा पुरावा म्हणून आधारची झेरॉक्स. म्हणजे नाव, पत्ता, नंबर आणि बोट एकाच ठिकाणी, आणि असे दस्त किती हातांतून जातात ते एजंटांना विचारा.

आता दुसरी बाजू. गावोगावी ते छोटं मशीन घेऊन बसतात ना, आधारवर पैसे काढून देणारे, त्याला एईपीएस म्हणतात. त्यातून पैसे काढायला काय लागतं? बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही, कार्ड नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत निघतात. ज्या बाईला एटीएमचा पिन लक्षात राहत नाही तिच्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे, मी स्वतः लोकांना शिकवली आहे. पण तेलंगणात २०१८ साली एकाला पकडलं, त्याने नोंदणी खात्याच्या दस्तांवरून ठसे उचलून त्यांचे कृत्रिम छाप तयार केले होते आणि त्यावर सिमकार्डं चालू करत होता. पुढे हीच युक्ती खात्यांतून पैसे काढायला वापरल्याच्या तक्रारी बऱ्याच राज्यांतून आल्या.

आमच्याकडे एक खातेदार बाई पासबुक भरायला आल्या होत्या. प्रिंटरमधून पान बाहेर येतंय आणि खाली ओळीने एईपीएस, एईपीएस, एईपीएस. बाई म्हणे, मी तर ह्या महिन्यात पैसेच काढले नाहीत. मोबाईल नंबर खात्याला जुना लावलेला, मेसेज गेले कुणाला देव जाणे. पैसे परत मिळाले, पण बाईंनी किती खेटे घातले ते विचारू नका.

म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्या. आधारच्या सरकारी ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर बायोमेट्रिक (ठसे, डोळे) लॉक करायचं. लागेल तेव्हा उघडायचं, दहा मिनिटांत ते आपोआप पुन्हा बंद होतं. आणि तिथेच ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ बघायची, मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे तपासलं गेलं ते दिसतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला) फोन आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज, पोच घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने सांगितलं की चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. चौथ्या दिवसापासून वाद सुरू होतात.

तुमच्या माळ्यावर ठसे नाहीत हे खरं. पण नाव, नंबर, पत्ता, मोबाईल आणि सही आहे. वर टॅब घेतलात तर ठसेही येतील. मग दस्त गोषवारा कशाला शोधायला हवा?

साधा_माणूस

काका, एवढं घाबरवू नका हो लोकांना. २०२३ पासून आधारच्या मशीनमध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की रबराचा हे तपासायची सोय केलेली आहे. लाखो लोक रोज वापरतात. माझ्या वडिलांचा हयातीचा दाखला पूर्वी रिक्षा करून, रांगेत उभं राहून द्यावा लागायचा, आता मोबाईलसमोर चेहरा धरला की घरात बसून निघतो. रेशनकार्डावर मेलेल्यांची नावं किती होती ते आठवा.

आणि लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे? आपल्याच त्र्यंबकला न् पंचवटीत गुरुजींच्या चोपड्यांत घराण्याघराण्याची वंशावळ लिहिलेली आहे. कोण कधी आलं, कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, खाली सही. पिढ्यान् पिढ्या चाललंय. कुणाची प्रायव्हसी गेली?

गंगेवरचा

चोपडीचं बरं काढलंत, आमचं आणि त्या चोपड्यांचं शेजारपण आहे. पण गुरुजींकडे जाऊन “अमक्या गावच्या अमक्या घराण्याचं पान दाखवा” म्हटलं तर आधी ते तुम्हालाच विचारतात, तुम्ही त्यांचे कोण? आजोबांचं नाव सांगा, पणजोबांचं सांगा. जुळलं तर पान उघडतं. आणि पान उघडलं तरी त्यातून पैसे निघत नाहीत. आमच्या माळ्यावरच्या फाइलीला कोण काय विचारणार? कामाला पोरगा असतो तो दर सीझनला बदलतो.

रबराच्या बोटाची तपासणी सुरू झाली हे बरंच झालं, पण ती सरकारमान्य मशीनला. त्या टॅबवाल्याच्या मशीनला काय आहे ते त्याला विचारलं तर म्हणाला, “भाऊ, जर्मन टेक्नॉलॉजी आहे.”

कोर्टकचेरी

मी सीबीएसजवळच्या कोर्टात वकिली करते. प्रश्न नीट विचारलाय म्हणून नीट लिहिते. हा औपचारिक सल्ला नाही, पण कायदा असा आहे.

लॉजमध्ये राहायला आधारच पाहिजे असा कायदा नाही. पाहुण्याची ओळख पटवून रजिस्टरला नोंद करणं ही तुमची जबाबदारी, आणि ती लायसन्स, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांपैकी कशावरही होते. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेवर. त्यानंतर २६ सप्टेंबर २०१८ ला पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा टिकवला. सरकारी अनुदान आणि पॅनची जोडणी राहिली, पण खासगी कंपन्यांना नुसत्या आपसांतल्या कराराच्या जोरावर आधार तपासू देणारा कलम ५७ चा भाग गेला. बँक खातं आणि सिमकार्डाची सक्तीही गेली. एकटे न्यायमूर्ती चंद्रचूड विरोधात होते, त्यांच्या मते सगळा कायदाच घटनाबाह्य. त्यांचं ते निकालपत्र वेळ काढून वाचण्यासारखं आहे. असो.

तुमच्या कामाची गोष्ट २०१९ च्या दुरुस्तीत आहे, कलम ८ क. आधार ऑफलाइन पाहणाऱ्याने, म्हणजे तुमच्यासारख्याने, पाहुण्याची संमती घ्यायची, दुसरा पर्याय आहे हे सांगायचं आणि आधार नंबर किंवा बायोमेट्रिक माहिती गोळा करायची नाही, वापरायची नाही, साठवायची नाही. लातूरच्या बाई शंभर टक्के बरोबर होत्या. फुल्या मारलेलं आधार हे आधारच आहे, सरकारी वेबसाइटवरून तसंच डाउनलोड करता येतं.

२०२२ ची गंमत आठवत असेल. २७ मे रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, आणि परवाना नसलेल्या हॉटेलांनी, चित्रपटगृहांनी झेरॉक्स घेणं हा गुन्हा आहे. देशभर गलका झाला. २९ मे रोजी सरकारने पत्रक मागे घेतलं, अर्थाचा अनर्थ होईल म्हणून. नागरिकांनी ‘नेहमीची सावधगिरी’ बाळगावी म्हणे. पत्रक मागे गेलं, पण कलम ८ क जागेवरच आहे.

टॅब: अंगठ्यावर आधार तपासायचं तर प्राधिकरणाची मान्यता असलेली संस्था लागते आणि नोंदणीकृत मशीन लागतं, ज्यात ठसा मशीनच्या आतच कुलूपबंद होऊन पुढे जातो आणि दुकानदाराकडे काही उरत नाही. ३१ जानेवारी २०२५ च्या नियमदुरुस्तीने खासगी आस्थापनांनाही अशा परवानगीसाठी अर्ज करायची वाट मोकळी केली आहे. पण अर्ज, मंत्रालयाची छाननी, मंजुरी, हे सगळं झाल्यावर. विक्रेत्याकडे मंजुरीचा कागद मागा. “येईल लवकरच” म्हणाला तर तो ठसे त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर घेतोय, आणि त्याची जबाबदारी तुमच्याही गळ्यात पडेल. कलम ३७ प्रमाणे ओळखीची माहिती जाणूनबुजून भलत्याच्या हाती दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अण्णांना एवढं एक वाचून दाखवा.

दिंडोरीकर

चर्चा मस्त चाललीय, पण सगळी स्मार्टफोनवाल्यांची. आमची द्राक्षबाग आहे, मजूर पेठ-सुरगाण्याहून येतात, टोळीने. ऑक्टोबरात छाटणी झाली की काडीला पेस्ट लावायचं काम असतं, डोळे फुटावेत म्हणून. हातमोजे दिले तरी काम पटापट व्हावं म्हणून माणसं काढून टाकतात. मग डिपिंग (घड औषधात बुडवायचे), मग विरळणी, बोटं सोलून निघतात. जानेवारीत त्यांच्यातल्या कुणाचा अंगठा मशीनवर लावून बघा. लाल दिवा. पुसा, तेल लावा, परत लावा, लाल दिवा. मग डोळे. डोळ्याचं मशीन आहे का? असलं तर ते चालू आहे का?

आधारचं पहिलं कार्ड आपल्याच विभागात वाटलं होतं बरं का, नंदुरबारच्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१०. आदिवासी माणसाला ओळख मिळावी म्हणून. हेतूला मी नावं ठेवत नाही, आमच्या टोळीतल्या बायकांना आज लाडक्या बहिणीचे पैसे थेट खात्यात येतात ते आधारमुळेच. पण जेलरोडकर काका, तुम्ही म्हणता बायोमेट्रिक लॉक करा. कुणाच्या मोबाईलवर? टोळीत एक फोन असतो मुकादमाकडे, आणि निम्म्यांच्या आधारला नंबर लावलेलाच नाही. लावला असेल तर तो मुकादमाचा. आता ओटीपी मुकादमाकडे आणि अंगठा बाईकडे, काय लॉक करता? आणि समजा केलंच, तर रेशन दुकानात ई-पॉसवर, म्हणजे अंगठ्याच्या मशीनवर, ‘३३०’ असा एरर येतो. अर्थ एवढाच की बायोमेट्रिक लॉक आहे. दुकानदार सांगतो तुझं आधार बंद पडलंय, तालुक्याला जा. बुडाली मजुरी.

वस्तीवर पैसे काढून देणारा एक यायचा, गाडीवर, मशीन घेऊन. त्याची रीत बघा. बाईने अंगठा लावला की म्हणायचा, “नाही आला मावशी, परत लावा.” परत लावला की हजार रुपये हातात द्यायचा. मावशी खूश. खात्यातून दोनदा गेलेले. अंगठा खरा, माणूस खरा, मशीन सरकारमान्य, रबराचं बोट बिट काही नाही. आमच्या घरच्यांनी एकदा पावती मागितली तर म्हणे रोल संपलाय. दोन-तीनदा रोल संपलाच होता त्याचा. मग आम्ही टोळीला एवढंच सांगितलं: पहिल्या अंगठ्याची पावती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट लावायचं नाही, मग पावती ‘व्यवहार फसला’ अशी का असेना. त्यानंतर तो यायचा बंद झाला.

जेलरोडकर

दिंडोरीकर, मान्य. लॉकचा सल्ला मी माझ्यासारख्यांना दिला. टोळीतल्या बायकांचा स्वतःचा नंबर आधारला लावून घेणं हे आधी. ते आधार केंद्रावर जाऊन करून घेता येतं. फसलेल्या व्यवहाराची पावती मागायची तुमची युक्ती मी आमच्या जुन्या शाखेत कळवतो. आम्ही लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो ते यशस्वी व्यवहाराची पावती जपा असं.

साधा_माणूस

दिंडोरीकरांचं वाचून मीही जरा गप्प झालो. तरी गंगेवरच्या भाऊंना विचारतो, झेरॉक्स नाही, अंगठा नाही, मग उद्या तुमच्या खोलीत कुणी चोर-दरोडेखोर राहून गेला तर पोलीस तुम्हालाच धरणार ना? सिंहस्थात लाखोंनी माणसं येणार. एवढी झेरॉक्स तरी असू द्या की पुराव्याला.

गंगेवरचा

हाच मुद्दा अण्णांचाही. म्हणून काल मी एक उद्योग केला. जुन्या फाइलीतली एक झेरॉक्स काढली, मोबाईलवर फोटो घेतला आणि फुकट मिळणाऱ्या ॲपवर नाव बदलून, फोटो बदलून परत प्रिंट काढली. पाहुणा म्हणून अण्णांच्याच नावाने. अण्णांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून बघितली, पंच केली आणि फाइलला लावली! स्वतःचं नाव वाचूनही पहिल्यांदा कळलं नाही, ‘सही राहिली’ म्हणाले.

तर साहेब, चोराला झेरॉक्स अडवत नाही. चोर तर घडवूनच आणेल. अडकतो तो एखादा नांदेडचा मास्तर, ज्याची झेरॉक्स खरी आहे.

भाचीने सांगितलं की आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव, पत्ता, फोटो सरकारची डिजिटल सही असलेला असा समोर येतो, त्यात फेरफार केला तर ॲप लगेच बोंबलतं, आणि पूर्ण नंबर त्यात दिसतच नाही, शेवटचे चार आकडे तेवढे. आम्ही करून बघितलं. आईचं कार्ड पहिल्या झटक्यात आलं. अण्णांचं लॅमिनेशन पिवळं पडलेलं, ते काही केल्या स्कॅन होईना. नवीन डाउनलोड करून प्रिंट काढल्यावर झालं. म्हणजे खरं-खोटं तपासायचं असेल तर हे झेरॉक्सपेक्षा पक्कं, आणि माझ्याकडे राहतं काहीच नाही. पुढे पोलिसांना लागलं तर रजिस्टरमध्ये नाव, गाव, मोबाईल, ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे आहेतच, दाराशी कॅमेरा आहे.

टॅबवाल्याला मंजुरीचा कागद मागितला. दोनदा फोन उचलला नाही, तिसऱ्यांदा म्हणाला, “तुम्ही फार टेक्निकल जाताय.” विषय संपला.

आता गल्ल्याच्या वर लावायला पाटी करतोय. मजकूर असा: “ओळखपत्र दाखवावे: ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा शेवटचे चार आकडे दिसणारे आधार. आम्ही आधारची झेरॉक्स घेत नाही.” वकीलताई, ठीक आहे का? आणि जुन्या बाडासाठी श्रेडर घ्यायचा विचार आहे, शालिमारला चौकशी केली.

कोर्टकचेरी

पाटी चांगली आहे. त्यात “कोणतेही एक” घाला, नाहीतर कुणीतरी चारही घेऊन उभा राहील. परदेशी पाहुण्यांचं यात धरू नका, त्यांच्या माहितीचा फॉर्म २४ तासांत ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याला पासपोर्ट, व्हिसाचा तपशील लागतोच.

श्रेड करण्याआधी एक काम: पोलीस ठाण्याला साधं पत्र द्या की आम्ही रजिस्टर पूर्ण ठेवतो, ओळखपत्र प्रत्यक्ष तपासतो, आधारच्या प्रती कलम ८ क मुळे ठेवत नाही आणि जुन्या प्रती अमुक तारखेला नष्ट करणार आहोत, एखाद्या तपासासाठी त्यातलं काही हवं असल्यास त्याआधी कळवावं. आवक शिक्का मारून पोच घ्या. ती पोच फाइलला लावा, हवं तर तीच तेवढी जन्मभर जपा. तोवर ती बाडं कुलपात. रजिस्टर मात्र नष्ट करायचं नाही.

दिंडोरीकर

श्रेडरचं मी सांगतो, सोसायटीच्या ऑफिसात आहे आमच्याकडे. स्वस्तातला घेऊ नका, तो लांब पट्ट्या पाडतो, आधारचा नंबर आडवा असतो, पान आडवं गेलं तर पट्टीवर अख्खा नंबर शाबूत राहतो. बारीक तुकडे करणारा घ्या, क्रॉस कट म्हणतात त्याला. आणि पिना आधी काढायच्या, नाहीतर पात्याचा निकाल लागतो.

गंगेवरचा

पिना! अण्णांनी प्रत्येक पानाला दोन मारल्यात. बसवतो त्यांनाच सोलायला.